सल्ला पाहिजे: 18 फुटी फायबर बोटीच्या डेकवर काय काय बसवावं? (बजेट 15 हजार, वर एक रुपया नाही)

गोसेकाठचा
नमस्कार मंडळी. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरवर, आंभोऱ्याच्या खालच्या अंगाला आमची मच्छीमार सोसायटी आहे. आतापर्यंत सारं लाकडी डोंग्यांवर चालायचं. यंदा सोसायटीनं एक 18 फुटी फायबरची बोट जुनी घेतली, इंजिनासकट. मासोळी काठावर आणायला, आणि शिवरात्रीला किंवा सुट्टीत कोणी फिरायला मागितली तर.

बोटीचं अंग चांगलं आहे, डेक मात्र ओसाड. समोर दोन क्लीट (दोर बांधायचे दोन शिंगांचे खुंटे) होते, त्यातला एक मागच्या वादळात दोरासकट उपटून आला. स्क्रू जसेच्या तसे, भोकं तेवढी मोठी झालेली. नांगर नाही, फेंडर (बोट धक्क्याला आपटू नये म्हणून कडेला टांगतात ते) नाही, जाकीट नाही. दोर आहे तो बैल बांधायचा.

सोसायटीनं 15 हजार मंजूर केले. अध्यक्ष काकाजींनी सांगितलं, याच्या वर बोलायचं नाही. तर क्लीट कोणता घेऊ, नांगर कोणता (पाण्याखाली बुडालेल्या शिवारातली झाडं-खुंटं आहेत), दोर कोणता, आणि पहिलं काय घेऊ? नागपुरात कुठं भेटेल तेही सांगा.

इतवारी_बाजार
भाऊ, इतवारीतल्या लोहा ओळीत एक चक्कर मारा. शॅकल (पिनची लोखंडी कडी), साखळी, नट-बोल्ट सारं भेटते, दोरवाले पण दूर नाहीत. पण खरं सांगू का, 15 हजारात काही होत नाही. 30 तरी ठेवा. माझ्या साळ्यानं खिंडसी तलावासाठी बोट केली तर नुसत्या जाकिटातच तेवढे गेले.

कुलाबा_डॉक
मी मूळचा हिंगणघाटचा, सध्या मुंबईत एका शेठच्या 42 फुटी यॉटवर कामाला आहे. बोट गेटवेसमोर मुरिंगला (पाण्यात कायम बांधून) उभी असते.

डेकच्या सामानात तडजोड करू नका. आमच्याकडे सगळं 316 नंबरचं स्टेनलेस स्टील. कडेनं स्टँचिअन (उभे खांब), त्यातून वायरच्या दोन लाईफलाईन, समोर पुलपिट (नाकावरचा कठडा), शिडाचे दोर ओढायला सेल्फ-टेलिंग विंच (दोर स्वतःच धरून ठेवणारा, दांड्यानं फिरवायचा ड्रम), पटकन अडकवायला-सोडायला कॅम क्लीट, आणि दोर जिथं वळतो तिथं फेअरलीड, म्हणजे तो डेकच्या कडेला घासत नाही. विंचवर दोर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायचा आणि भार असताना बोटं ड्रमजवळ न्यायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पहिलं विंचच घ्या. रे रोडला दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचा माल निघतो, निम्म्या भावात काम होईल. या मुंबईला, मी घेऊन जातो.

सिंभोरा_वाला
अबे भाऊ, त्यानं 15 हजार म्हटले. तुह्या विंचच्या दांड्यालेच तेवढे लागतीन. अन् शिडाचा दोर कायचा? त्याच्या बोटीले शीड तरी हाय का? मासोळीची बोट हाय ते, शेठची नाई.

आमच्या अप्पर वर्धा धरणावर काय चालते ते सांगतो. फेंडर म्हणजे मोटरसायकलचे जुने टायर, पंक्चरवाला फुकट देते. नांगर म्हणजे वेल्डिंगवाल्याकडून सळाखी वाकवून घेतलेला. दोर जो भेटीन तो. इतके वर्ष झाले, बोट हाय तिथंच हाय.

माजी_सारंग
वर्ध्याहून लिहितो. मर्चंट नेव्हीत डेकवर आयुष्य गेलं, सारंग म्हणून निवृत्त झालो.

गोसेकाठचे भाऊ, तुमच्या प्रश्नातली कामाची गोष्ट कोणीच धरली नाही. क्लीट उपटला पण स्क्रू जसेच्या तसे. म्हणजे क्लीटचा दोष नाही, त्याच्या खालचं लाकूड गेलं आहे. फायबरच्या डेकमध्ये बहुधा दोन थरांच्या मधे प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी मुरत राहिलं की ते आतल्या आत कुजतं, वरून डेक चकचकीत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीनं सगळा डेक ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. तिथं खडूनं खूण करा. खरेदी त्यानंतर.

नवा क्लीट स्क्रूनं बसवू नका, आरपार बोल्टनं बसवा. आधी भोक बोल्टपेक्षा मोठं पाडायचं, आतलं ओलं लाकूड खरवडून काढायचं, चार दिवस उन्हात वाळू द्यायचं (ऊन तुमच्याकडे फुकट आहे), मग खालून टेप लावून इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होतं ते) भरायचं. ते पक्कं झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. आता बोल्टला पाणी लागलं तरी प्लायला लागत नाही. डेकच्या खालच्या बाजूनं 5-6 मिलिमीटर जाड पट्टी, क्लीटच्या बुडाहून मोठी, मग वॉशर, मग नट. ही खालची पट्टी नसेल तर सोन्याचा क्लीटही उपटून येईल. भोकात पॉलियुरेथेनचं सीलंट भरा. नळ-फिटिंगवाल्याचं सिलिकॉन नको.

क्लीटचं माप ठरवायला दोराची जाडी पाहा, तिच्या सोळापट लांबी धरायची. 12 मिलिमीटर दोराला साधारण 8 इंची क्लीट. बांधताना दोर आधी लांबच्या शिंगाखालून घेऊन बुडाला एक पूर्ण वेढा, मग दोन्ही शिंगांवरून तिरपा आठचा आकडा, शेवटी एक उलटी अढी घालून ओढायचं. बस. लोक उगाच वेढ्यावर वेढे चढवतात आणि घाईच्या वेळी तेच सोडवत बसतात.

316चं म्हणाल तर त्यात 2-3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते समुद्राच्या खाऱ्या पाण्यासाठी. धरणाच्या गोड्या पाण्यात 304 नंबरचं स्टेनलेस पुरे. गरम जस्त चढवलेलं लोखंडही वर्षानुवर्षं चालतं. इथंच तुमचे पैसे वाचतील.

नागपूरचा_सांडपाणी_बहाद्दर
गोडं पाणी म्हणे! काकाजी, नाग नदी पाहिली का तुम्ही? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, अन् कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. तेच पाणी पुढं गोसेखुर्दमध्ये थांबते. 304 काय अन् 316 काय, त्या पाण्यात माणूस गंजते.

सिंभोरा_वाला
हे बरोबर बोलला. अन् जलपर्णी वेगळी.

माजी_सारंग
पाणी घाण असणं वेगळं आणि खारं असणं वेगळं. स्टेनलेसला खड्डे पाडतं ते क्लोराईड, आणि समुद्रात ते जितकं असतं त्याच्या जवळपासही तुमचं धरण जात नाही. आठवड्यातून एकदा हापशीच्या पाण्यानं धुवा, प्रश्न मिटला. एक मात्र जपा. ॲल्युमिनियमचा क्लीट आणि स्टेनलेसचा बोल्ट असेल तर दोन्हीच्या मधे प्लास्टिकचं वॉशर किंवा सीलंट ठेवा, नाहीतर ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

नागपूरचा_सांडपाणी_बहाद्दर
हापशीच्या पाण्यात पण क्षार आहेत आमच्याकडं. जाऊ द्या. पहिले महापालिकेनं पाणी साफ करावं, मग बोटीचं पाहू. त्या पाण्यातली मासोळी नागपूरचेच लोक खातात अन् भाव पाडून मागतात.

वैनगंगेचा_पोर
भावाचं नावच काढू नका. रोहू-कतला काठावर काय भावानं उचलते अन् बाजारात काय भावानं विकते, व्यापारी अन् देव जाणे. अन् झिंग्याचं तर...

व्यवस्थापक
मंडळी, मासोळीच्या भावाचा धागा वेगळा आहे, तिथं बोला. इथं डेकच्या सामानाबद्दल.

पुसदकर_पाटील
नांगराचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. इसापूर धरणावर माझी 16 फुटी आहे. तिथंही पाण्याखाली झाडं, विहिरी, जुने बांध. चार आकड्यांचा ग्रॅपनेल टाकला होता, खुंटात असा बसला की पाणी उतरेपर्यंत तिथंच राहिला. दोर कापून घरी आलो. दुकानदारानं म्हटलं होतं, 'हा कुठंही धरते.' धरते खरं, सोडत नाही.

त्यानंतरचा उपाय: नांगर जिथं पाती एकत्र येतात त्या बुडाला दुसरा बारीक दोर बांधायचा, पाण्याच्या खोलीपेक्षा थोडा लांब, आणि त्याच्या टोकाला रिकामं 5 लिटरचं कॅन, बूच घट्ट लावून. नांगर अडकला तर कॅनजवळ जाऊन त्या बारीक दोरानं उलट्या बाजूनं ओढायचा. आला तसा निघतो.

तळ चिखलाचा आणि मोकळा असेल तिथं दोन चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ घ्या. 18 फुटीला 4-5 किलोचा पुष्कळ झाला. पण नुसता दोर बांधून टाकाल तर तो नांगरच वर उचलेल. मधे 4-5 मीटर साखळी पाहिजेच. साखळीच्या वजनानं ओढ आडवी राहते, म्हणून पाती चिखलात घुसतात. शॅकलच्या पिनला बारीक तार गुंडाळा, हलून हलून पिन फिरते आणि निघते.

आणि दोराचं फसवू नका म्हणावं. मला 'नायलॉन' म्हणून दिलेला दोर पॉलिप्रोपिलीन निघाला. दुकानातच तुकडा बादलीत टाका. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, बुडाला तर नायलॉन असू शकतो. पॉलिप्रोपिलीन आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यात कुसळं सोडायला लागतो, हाताला टोचतो, मग एक दिवस तुटतो.

इतवारी_बाजार
मी पण हेच सांगणार होतो, बादलीत टाकून पाहा. आमच्या ओळखीच्या दुकानात ते स्वतःच सांगतात. माझं नाव सांगा.

गोसेकाठचा
सारंगकाका, आजच डेक ठोकून पाहिला. उजव्या अंगाला समोरून साधारण दोन हातांचा पट्टा बद्द वाजते. जिथून क्लीट उपटला तिथं बोट घातलं तर काळपट चिखलासारखं निघालं, कुजक्या लाकडाचा वास. डावीकडचा क्लीट अजून पक्का वाटते, पण स्क्रूचाच आहे.

पाटील भाऊ, दोर किती मीटर घेऊ? आमच्याकडं डिसेंबरात पाणी पाच मीटर, उन्हाळ्यात त्याच जागी गुडघाभर, अन् पात्राच्या मूळ धारेत मात्र काठी पुरत नाही.

पुसदकर_पाटील
खोलीत बोटीच्या नाकाची उंची मिळवा, हे लोक विसरतात. पाणी 5 मीटर, नाक 1 मीटर, झाले 6. त्याच्या पाचपट, म्हणजे 30 मीटर सोडायचा. वारा सुटला तर सातपट, 42. तुम्ही 50 मीटरची गुंडाळी घ्या, 12 मिलिमीटर नायलॉन. नायलॉन ताणतो, झटका खातो, नांगराला तोच हवा.

वैनगंगेचा_पोर
आमच्या आज्यानं जाळीत दगड बांधून आयुष्यभर डोंगा उभा केला. ना साखळी ना डॅनफोर्थ. खुंटात अडकला तर दगड सोडून द्यायचा, जाळी वर ओढायची. नवा दगड काठावर फुकट. हे पुस्तकी हिशोब ज्याला पोहता येत नाही त्यानं करावे.

पुसदकर_पाटील
डोंगा हलका, भाऊ. 18 फुटी फायबर, वर इंजिन, वर माणसं. दगड वाऱ्यात घसरत जातो.

वैनगंगेचा_पोर
घसरला तर घसरला, काठाकडंच जाईल नं.

बांधावरची_ताई
मी नवेगाव बांधकडची. आमच्या बचत गटानं जाकिटं घेतली तेव्हाचं सांगते, कारण इथं क्लीटवर एवढं बोलणं झालं आणि जाकिटावर कोणी अक्षर काढलं नाही.

पहिल्या खेपेला ऑनलाईन स्वस्तातली आली. दिसायला भगवी, छान. आत थर्मोकोलसारखे पांढरे तुकडे. एका पावसाळ्यात त्याचा भुगा झाला आणि जाकीट खांद्यावरून लोंबायला लागलं. दुसऱ्या खेपेला लेबल वाचून घेतली. त्यावर न्यूटन (तरंगवण्याच्या जोराचं माप) लिहिलेले असतात. 50 न्यूटनवालं हे पोहता येणाऱ्यासाठी, मदतीला. 100 किंवा वरचं असेल तर न पोहणाऱ्याचं तोंड पाण्याच्या वर ठेवण्यासाठी मागं कॉलर असते. फिरायला आलेल्या लोकांना 100चंच द्यायचं. त्याला शिट्टी आणि चमकपट्टी आहे का पाहा.

साडीवर जाकीट घालताना बायका खालचा पट्टा बांधत नाहीत, लाजतात. मग पाण्यात पडल्यावर जाकीट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस खाली. म्हणून दोन्ही मांड्यांच्या मधून जाणारा पट्टा असलेली घ्या, आणि बोटीत चढायच्या आधी काठावर, बाईनंच बाईला बांधून द्यायची. पोरांची जाकिटं वयावर नाही, वजनावर घ्यायची. खांद्याला धरून वर उचलून पाहायचं, हनुवटीच्या वर गेलं तर मोठं आहे.

वैनगंगेचा_पोर
ताई, आम्ही पाण्यातच जन्मलो. जाकीट घालून जाळं टाकता येत नाही. उकडते, बटनात जाळं अडकते.

बांधावरची_ताई
तुम्ही नका घालू, तुमच्या बोटीत बसणाऱ्याला घाला. 2021 साली वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली, अकरा माणसं गेली. त्या बातमीनंतर आमच्याकडं दोन आठवडे सगळ्यांनी जाकिटं घातली. नंतर खुंटीला.

सिंभोरा_वाला
झुंज आमच्याच इकडचं हाय. त्याच्यावर काही बोलत नाई.

माजी_सारंग
ताईंनी सांगितलं त्यात एक भर. जाकिटांसोबत एक गोल लाईफबॉय घ्या आणि त्याला 30 मीटर तरंगता दोर बांधा. इथं मात्र पॉलिप्रोपिलीनच हवा, जो पाटलांनी नांगरासाठी नाकारला तोच, कारण पडलेल्या माणसाला तो पाण्यावर दिसतो आणि इंजिनच्या पंख्याखाली सहजासहजी जात नाही. वर्षाला बदलायचा. लाईफबॉय डेकवर खुंटीला नुसता टांगायचा. बांधून ठेवलेला लाईफबॉय मी जहाजांवर पाहिला आहे, सुतळीच्या तीन गाठी मारून, का तर चोरी होऊ नये.

आणि नायलॉनबद्दल ताकीद. तो ताणतो म्हणून झटका खातो, पण ताणलेला तुटला तर सापासारखा मागं येतो. आमच्याकडे मुरिंगच्या दोराच्या रेषेत उभं राहणाऱ्याला शिव्या पडायच्या. चिखलात रुतलेली बोट ट्रॅक्टरनं ओढताना हे लक्षात ठेवा. क्लीटला बांधून कधीच ओढू नका. नाकाच्या खाली, पाण्याच्या रेषेजवळ लोखंडी कडी असते, तिथंच ओढायचा दोर.

कुलाबा_डॉक
बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाचं पाणी उपसायचा, कोणी सांगितलाच नाही. 12 व्होल्टचा ऑटोमॅटिक, फ्लोट स्विचवाला. आमच्या बोटीवर तीन आहेत.

सिंभोरा_वाला
त्याच्या बोटीले बॅटरी हाय का ते तर विचार पह्यले. तेलाचा 5 लिटरचा डबा तिरपा काप, दांडीले दोरी बांध, झालं पाणी उपसायचं काम. दोरी काहून? तं पाण्यात पडून वाहून जाऊ नये म्हणून.

सायगावचा_वकील
लोकांना बसवणार असाल तर इनलँड व्हेसल्स ॲक्ट, 2021 वाचा. इंजिनवाल्या बोटीची नोंदणी-तपासणी त्यात येते. आमच्या गावात एकानं न वाचता धंदा सुरू केला. पुढचं सांगत नाही.

इतवारी_बाजार
अनुदान पण पाहा. पीएम मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारणला 40 टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्के होतं. आता काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात जाऊन विचारा.

वैनगंगेचा_पोर
जाऊन पाहिलं. साहेब दौऱ्यावर होते.

माजी_सारंग
भाऊ, माझ्या मते 15 हजार असे लावा. आधी डेकची कुजलेली जागा, इपॉक्सी आणि सीलंट. मग दोन 304चे क्लीट, खालच्या पट्ट्या भंगारातून कापून घ्या. 50 मीटर नायलॉन, थोडी साखळी, नांगर. उरलेले सगळे जाकिटांत. फेंडरला पैसे नकोत. फेंडरचा ठोकताळा दर 5 फुटांना 1 इंच जाडी, म्हणजे तुम्हाला 4 इंची. मोटरसायकलचा टायर त्याहून जाड नसला तरी तुमच्या बांबूच्या धक्क्याला चालेल, फक्त त्यावर जुनं गोणपाट गुंडाळा, काळे डाग पडत नाहीत.

कुलाबा_डॉक
टायर लावलेली बोट गेटवेला उभी करून दाखवा.

सिंभोरा_वाला
काहून उभी करू? तुह्या शेठले दाखवाले?

गोसेकाठचा
सगळ्यांचे आभार. काल सोसायटीची सभा झाली. मी सारंगकाकांची यादी कागदावर लिहून नेली होती, वाचून दाखवली.

निर्णय असा. उजव्या अंगाचा डेक आमचाच एक पोरगा दुरुस्त करणार, तो नागपुरात फायबरच्या टाक्यांचं काम करते, सामानाचे तेवढे द्यायचे. क्लीट दोन, 304चे, आरपार बोल्टनं. जाकिटं सहा, 100 न्यूटनची, ताईंनी सांगितलं तशी मधल्या पट्ट्याची. इथपर्यंत ठीक.

नांगर घ्यायचा नाही असं ठरलं. दगडच ठेवायचा, वैनगंगेच्या पोराचा आजा अन् आमच्या अध्यक्ष काकाजींचा आजा एकाच शाळेत गेले असतील. अन् राहिलेल्या पैशाची हाताची विंच घ्यायची. बोटीवर नाही, काठावर. पाणी उतरलं की बोट चिखलात राहते, अन् दर वेळी आठ-दहा जणांना ओढायला बोलवावं लागते, मजुरी बुडते. विंच काठावरच्या मोहाच्या झाडाला बांधायची अन् दोघांनी बोट वर घ्यायची. बोटीच्या ट्रेलरवर असते तसली, दातेरी, अटकाव असलेली. हे या धाग्यात कोणीच सांगितलं नव्हतं, पण काकाजी पेटले होते.

कुलाबा_डॉक
मी सांगितलं होतं ना विंच घ्या म्हणून!

सिंभोरा_वाला
तू ते शिडावाली सांगतली होती बे.

पुसदकर_पाटील
नांगराशिवाय इंजिन बंद पडलं वाऱ्यात, तर काय करणार? दगड घेऊन वल्हवणार? तुमची सोसायटी, तुमचा निर्णय. मी सांगायचं ते सांगितलं.

बांधावरची_ताई
जाकिटं सहा, मग बोटीत सहाच बसवा. सातवा आला तर काठावर.

गोसेकाठचा
हो ताई. डेकवर तसं रंगानं लिहूनच टाकतो.

माजी_सारंग
विंच वाईट नाही. पण झाडाला बांधताना नुसती वायर किंवा बारीक दोर गुंडाळू नका, साल कापून झाड मरतं आणि दोर घसरतो. रुंद पट्टा वापरा, झाडाच्या बुडाशी, जितका खाली तितका बरा. बोटीखाली जाड बांबूचे तुकडे आडवे टाका, लोळत येते. विंचवर लिहिलेला भार वाचा. रिकामी बोट आणि इंजिन मिळून जितकं वजन, चिखलात त्याहून जास्त ओढ लागते. आधी इंजिन उतरवा, पाणी उपसा. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत पोरं उभी राहणार नाहीत, हे बघा, ती हमखास येतात. दांडा फिरवता फिरवता हात सुटला आणि अटकाव नीट बसला नसेल तर तो दांडा उलटा फिरून मनगट मोडतो. म्हणून दर खेपेला अटकाव टकटक वाजतो का ऐका.

गोसेकाठचा
काका, पट्टा ट्रकवाले माल आवळायला वापरतात तो चालेल का? आमच्याकडं धानाच्या ट्रकचे पडून आहेत.

माजी_सारंग
शिलाई आणि कडा पाहा. कडेला कुठं कापलेलं-घासलेलं असेल तर तो नको. गाठ मारू नका, गाठीत पट्ट्याची ताकद निम्म्यावर येते. दोन्ही टोकांना शिवलेला फास असलेला घ्या, दोन्ही फास एका शॅकलमध्ये.

इतवारी_बाजार
शॅकल आमच्या ओळखीच्या दुकानात. माझं नाव सांगा.

वैनगंगेचा_पोर
गोसेकाठच्या भाऊ, दगड केवढा ठेवला आहे? 18 फुटीला माझ्या आज्याचा पुरणार नाही. दोन जाळ्यांत दोन ठेवा, एक नाकाला, एक मागं. अन् विंच आली की कळवा, पाह्यला येतो, आमची पण बोट काढायची आहे.